सातव्या ग्लासाचा हिशेब

ताई, नमस्कार.

आमच्या लग्नाला यंदा तीस वर्षं होतात. त्यानिमित्त आम्ही दोघं आणि धाकटे दीर-जाऊबाई असे चौघं सात रात्रींच्या क्रूझला निघालोय. दोन केबिन घेतल्यात. आम्हा दोघांना जेवताना वाइन आवडते. मी एक ग्लास घेते, हे दोन घेतात, त्यापुढे कधी जात नाही. कंपनीचं पत्रक आलंय: ड्रिंक्स पॅकेज माणशी दिवसाला ८० डॉलर, वर १८ टक्के टीप. पॅकेज नको असेल तर वाइनचा ग्लास १३ डॉलरला, साधी बाटली ४८ डॉलरला. भाऊजी म्हणतात, "सुट्टीवर चाललोय, तिथंही मोजतच बसायचं का? सगळेच पॅकेज घेऊ आणि मोकळे होऊ." हेही आता त्यांच्याच बाजूला झुकलेत. मी नको म्हटलं की मी चिक्कू ठरते. आणखी एक. मुलीनं पहिल्या पगारातून आम्हाला रेड वाइनची एक बाटली दिली होती, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला उघडा म्हणून. सहा वर्षं ती कपाटात आहे. ती जहाजावर नेता येईल का?

— एक वाचक

नमस्कार ताई,

आधी लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आणि लगेच दुसरं सांगते: तुम्ही चिक्कू नाही. तुम्ही पत्रात एक ग्लास, दोन ग्लास, ८०, १३, ४८ असे आकडे दिलेत म्हणून तर मला नेमकं काही सांगता येतंय. "मोजायचं नाही" म्हणणाऱ्यासाठी दुसरं कुणीतरी मोजून ठेवलेलंच असतं, आणि त्या मोजणाऱ्याला तुमच्या खिशाची काळजी नसते.

तुमच्याच आकड्यांवरून बघू. पॅकेज ८० ला, ग्लास १३ ला. टीप दोन्हीवर सारखीच १८ टक्के लागते, म्हणून तुलना करताना ती बाजूला ठेवली तरी चालते. सहा ग्लासांचे होतात ७८. म्हणजे दिवसभरात सहा ग्लास घेतले तरी पॅकेजचे पैसे पुरते वसूल होत नाहीत, दोन डॉलर उरतातच. फायदा सुरू होतो सातव्या ग्लासापासून. आणि हे एकदा करून भागत नाही. तुम्ही सात, यजमान सात, रोज, सातही दिवस.

आता हे सहा ग्लास म्हणजे किती, ते डोळ्यासमोर आणा. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलीची असते आणि १५० मिलीचा ग्लास धरला तर त्यात पाच ग्लास निघतात. सहा ग्लास म्हणजे एकट्यानं एक बाटली संपवून दुसरी उघडायची. दोघांचे सात दिवसांचे मिळून ८४ ग्लास, म्हणजे साडेबारा लिटरच्या वर, जवळपास सतरा बाटल्या. एवढं प्यायल्यावर तुम्ही जेमतेम बरोबरीच्या जवळ येणार. तुमचं खरं पिणं किती? रोज तीन ग्लास, आठवड्याचे २१. चार बाटल्या आणि वर एक ग्लास.

पैशात मांडते. दोघांचं सात दिवसांचं पॅकेज ११२० डॉलर, टीप धरून १३२१ डॉलर ६० सेंट. तुमचे २१ ग्लास सुटे, एकेक करून, सगळ्यात महागड्या पद्धतीनं घेतले तरी टिपेसकट ३२२ डॉलर. मधला फरक जवळजवळ हजाराचा आहे ताई. बाटल्या घेतल्या तर तो आणखी वाढतो, त्याकडे येतेच.

पण पॅकेजवर अन्याय नको. त्यात फक्त वाइन नसते. बहुतेक ठिकाणी कॉकटेल, बिअर, थंड पेयं, बाटलीबंद पाणी, मशीनची चांगली कॉफीही त्यात धरलेली असते. म्हणून तेही जोडू. दोघांची रोज एकेक कॉफी पाच डॉलरची धरली, तर आठवड्याचे टिपेसकट ८२ डॉलर ६० सेंट. मधूनच हौस म्हणून आठवड्यात चार कॉकटेल, चौदाच्या भावानं, त्याचे ६६. सगळी बेरीज केली तरी ४७१ च्या आत बसते. पॅकेजच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीशीच जास्त. जहाजावर जेवणासोबतचं साधं पाणी, चहा आणि साधी कॉफी बहुधा भाड्यातच असते, तेही ध्यानात ठेवा.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ती म्हणजे बंदराचे दिवस. तुमच्या प्रवासाचा तक्ता काढून बघा, सातांपैकी किती दिवस जहाज कुठल्या ना कुठल्या बंदरात उभं आहे. ज्या दिवशी तुम्ही सकाळी नाश्ता करून खाली उतरता आणि संध्याकाळी पाय दुखेपर्यंत फिरून परत चढता, त्या दिवशी सात ग्लास घ्यायला वेळ तरी कुठे आहे? किनाऱ्यावरच्या हॉटेलात तुमचं पॅकेज चालत नाही, पण त्या दिवसाचे ८० डॉलर मात्र कापलेले असतात. पॅकेज साधारणपणे सगळ्या प्रवासाचंच घ्यावं लागतं. समुद्रातल्या दोन दिवसांपुरतं द्या म्हटलं तर देत नाहीत.

भाऊजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. जो माणूस दुपारी जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठी दोन बिअर घेतो, संध्याकाळी एक कॉकटेल, जेवताना दोन ग्लास वाइन, रात्री गाण्याच्या कार्यक्रमात आणखी दोन, आणि दिवसातून तीनदा कॉफी पितो, त्याला पॅकेज परवडतं. त्यातही जहाज जास्त दिवस खुल्या समुद्रात असेल तर नक्कीच. भाऊजी तसे असतील तर त्यांनी घ्यावं. पण बऱ्याच कंपन्यांत नियम असा की एका केबिनमधल्या एका प्रौढानं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. जाऊबाई पीत नसतील किंवा थोडंच घेत असतील, तर भाऊजींना दोघांचे पैसे भरून एकट्याच्या पिण्यातून वसूल करावे लागतील. हे त्यांना पैसे भरायच्या आधी कळायला हवं. गरोदरपण किंवा आजारपणाचं कारण असेल तर काही कंपन्या सवलत देतात, पण ती आधी विचारून घ्यावी लागते.

तुमची केबिन वेगळी आहे, हे तुमच्या दृष्टीनं फार चांगलं झालं. त्यांच्या पॅकेजमुळे तुमच्यावर कसलीही सक्ती येत नाही. फक्त एक सांभाळा. "माझ्याकडे पॅकेज आहे, वहिनींसाठी मी आणतो" असा प्रेमळ आग्रह होईल. तसं करू देऊ नका. पॅकेज ज्याच्या नावावर त्यानंच प्यायचं असतं. दुसऱ्याला दिल्याचं लक्षात आलं तर पॅकेज रद्द करायचा अधिकार कंपनीनं अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. चौघांच्या सुट्टीत असला प्रसंग कशाला हवा?

आणि अमर्याद म्हटलेलं सगळंच अमर्याद नसतं. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा आहे. बहुतेक पॅकेजमध्ये एका पेयाच्या किमतीवरही मर्यादा असते. तिच्यावरची वाइन मागितली की वरचा फरक वेगळा लागतो, काही ठिकाणी अख्ख्या ग्लासाचे पैसे लागतात. बाटली तर पॅकेजमध्ये सहसा नसतेच, फार तर तिच्यावर थोडी सूट मिळते. ज्यांना चांगली वाइन थोडीशी प्यायची आहे, म्हणजे तुमच्यासारख्यांना, पॅकेज याच जागी अपुरं पडतं. मर्यादेच्या आत बसणारे तेच चार-पाच प्रकार आठवडाभर फिरून फिरून समोर येतात.

जहाजावर वाइन इतकी महाग का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मनात आलंच असेल. जहाजात भरला जाणारा मद्याचा साठा बहुतांशी जकात न भरता घेतलेला असतो, मग तर ती स्वस्त हवी. तसं होत नाही, कारण क्रूझचं भाडं मुद्दाम ओढून खाली ठेवलेलं असतं आणि कमाई वरच्या खर्चातून व्हायची असते. कार्निव्हल कॉर्पोरेशन हा या धंद्यातला सगळ्यात मोठा समूह. त्याच्या २०१९ च्या हिशेबात एकूण उत्पन्न सुमारे २०.८ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले ६.३ अब्ज "जहाजावरील व इतर" या खात्यातले. म्हणजे दर दहा रुपयांतले तीन रुपये तिकिटाबाहेरचे. त्यात नुसती दारू नाही, कॅसिनो, सहली, दुकानं, इंटरनेट सगळं आलं. पण बार त्यातला मोठा वाटेकरी आहे. तुम्ही केबिनमध्ये सामान ठेवायच्या आत पॅकेज विकणारा माणूस हसतमुखानं समोर का येतो, ते यावरून कळेल. तो बिचारा त्याचं काम करत असतो. तुम्ही हसून "विचार करतो" म्हणा आणि पुढे चला.

आता तुम्ही काय करावं ते सांगते.

सुटा ग्लास घेऊ नका, बाटली घ्या. ४८ ची बाटली टिपेसकट ५६ डॉलर ६४ सेंटला पडते, त्यात पाच ग्लास, म्हणजे ग्लास सव्वाअकराच्या आसपास. तोच सुटा घेतला तर टिपेसकट १५ डॉलर ३४ सेंट. दर बाटलीमागे वीस डॉलर वाचतात. आणि चव बघाल तर बाटलीच बरी. बारमधली ग्लासानं विकायची बाटली कधी उघडली होती ते आपल्याला माहीत नसतं. उघडल्यावर हवा लागून वाइन उतरत जाते, दोन दिवसांची उघडी रेड जिभेला लगेच कळते. तुम्ही स्वतः उघडून घेतलेल्या बाटलीत तो प्रश्नच नाही. सुटा घ्यायची वेळ आलीच तर "ही केव्हा उघडली?" असं खुशाल विचारा. चांगला वेटर न रागावता नवी उघडतो.

"आम्ही दोघं एका रात्रीत बाटली कुठे संपवणार," असं तुम्ही म्हणाल. संपवायचीच नाही. जहाजावरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे. जेवण झाल्यावर वेटरला सांगायचं, उरलेली ठेवून द्या. तो बाटलीला रबरी बुच लावतो, गळ्यात एक कागदी पट्टी अडकवतो आणि तिच्यावर पेननं केबिनचा नंबर लिहितो. दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही टेबलाशी येता तेव्हा ती बाटली आधीच येऊन बसलेली असते, व्हाइट असेल तर बर्फाच्या भांड्यात. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा एवढा आनंद झाला की मी ती पट्टी घरी घेऊन आले. अजून एका वहीत आहे. तुमच्या हिशेबानं पहिल्या रात्री तीन ग्लास आणि दुसऱ्या रात्री उरलेले दोन, म्हणजे दोन रात्रींना एक बाटली जवळजवळ पुरते. दुसऱ्या जागी जेवायला जायचं असेल तरी सांगा, बाटली सहसा तिकडे पोचवतात.

काही कंपन्या चार, पाच, सात बाटल्यांचं फक्त वाइनचं पॅकेज एकत्र सवलतीत देतात. ड्रिंक्स पॅकेजच्या गोंगाटात त्याची जाहिरात फारशी होत नाही. तुमच्या कंपनीत आहे का ते जरूर विचारा. तुमची गरज चार बाटल्यांची आहे, ते मिळालं तर अगदी मापात बसेल. कुठलंही पॅकेज घ्यायचं तर घरूनच, निघायच्या आधी ऑनलाइन घ्यावं, कारण जहाजावर चढल्यावर दर बहुधा चढा असतो. आधी घेऊन ठेवल्यावर दर उतरला, तर रद्द करून नव्या दरानं घ्यायची सोय अनेक ठिकाणी असते.

भाड्यातच "मोफत" ड्रिंक्स मिळतात अशीही एक योजना असते. तुमच्या पत्रकात तसं काही असेल तर बारीक अक्षरं वाचा. पॅकेज मोफत, पण त्याच्या मूळ किमतीवरची टीप तुम्ही आगाऊ भरायची, असा प्रकार चालतो. वाइकिंग या क्रूझ कंपनीच्या समुद्री सफरीत दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत वाइन आणि बिअर भाड्यातच येते. तिथं भाडंही तसं जास्त असतं. पुढच्या वेळी जहाज निवडताना हा हिशेब आधी केला तर तुमच्यासारख्या जेवताना ग्लासभर घेणाऱ्यांना ते सोयीचं पडू शकतं.

टिपेबद्दल थोडं थांबून बोलते, कारण इथं मी स्वतः फसले आहे. जहाजावर तिला ग्रॅच्युइटी म्हणतात. आपल्याला तो शब्द निवृत्तीच्या रकमेसाठी माहीत आहे, म्हणून बिलावर दिसला की क्षणभर गोंधळायला होतं. तर ही १८ टक्के टीप, काही कंपन्यांत २० टक्के, प्रत्येक पेयावर आपोआप लागते. ग्लास आला की पावती येते, आपण सही करतो. त्या पावतीत खाली आणखी एक रिकामी रेघ असते, जादा टिपेसाठी. मी माझ्या पहिल्या क्रूझवर प्रत्येक वेळी त्या रेघेवर दोन डॉलर लिहीत गेले. मला वाटायचं, टीप द्यायची ती हीच जागा. शेवटच्या दिवशी पहाटे दाराखालून बिलाचे कागद सरकले. मी पलंगावर बसून एकेक ओळ बघत होते आणि अकरा ठिकाणी दोनदा टीप दिलेली निघाली. वर छापील टक्केवारी, खाली माझ्याच अक्षरातले दोन डॉलर. त्या रेघेबद्दल कुणी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वेटर मंडळी घरापासून महिनोन् महिने लांब राबतात, त्यांना जास्त द्यावंसं वाटलं तर द्या, मीही देते. पण ते समजून उमजून द्या. नाही तर त्या रेघेवर आडवी रेष मारा, खाली एकूण रक्कम लिहा आणि सही करा.

म्हणूनच सांगते, रोज रात्री झोपायच्या आधी खातं बघा. केबिनच्या टीव्हीवर, कंपनीच्या ॲपवर किंवा रिसेप्शनच्या काउंटरवर ते दिसतं. जहाजावर पाकीट बाहेर निघत नाही, केबिनचं कार्ड दाखवलं की झालं. त्यामुळे खर्च हाताला जाणवतच नाही. चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवली तर तिथल्या तिथं दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी काउंटरपुढे रांग असते. जहाज एखाद्या देशाच्या हद्दीत असेपर्यंत पेयांवर तिथला कर लागू शकतो, तशी ओळ दिसली तर दचकू नका. आणि बिल तुमच्या स्वतःच्या चलनात करून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणा. जहाजाच्या चलनातच राहू द्या. त्यांनी केलेल्या बदलाचा दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा सहसा महाग पडतो.

आता घरून बाटली न्यायचं. इथं प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियनमध्ये प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक बाटली नेता येते, तीही चढायच्या दिवशीच. डिस्नेमध्ये दोन. एमएससीमध्ये बाहेरची नेऊ देत नाहीत. तुमच्या तिकिटावर जी कंपनी आहे तिच्या संकेतस्थळावर "मद्यविषयक धोरण" असं पान असतं, ते आदल्या आठवड्यात एकदा वाचून, छापून बरोबर ठेवा, कारण हे नियम बदलतात. केबिनमध्ये प्यायली तर सहसा काही लागत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर ती उघडून वाढण्याचे पैसे लागतात, त्याला कॉर्केज म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ते बाटलीला १५ डॉलरच्या आसपास असतं. काही ठिकाणी काहीच घेत नाहीत, तर काही ठिकाणी बाटली जहाजावर आणतानाच कापून घेतात.

समजा तुम्हा दोघांना एकेक बाटली चालते. मग दोन बाटल्या घरच्या, कॉर्केज ३०. दोन जहाजावर घेतलेल्या, टिपेसकट ११३ डॉलर २८ सेंट. उरलेला एकविसावा ग्लास सुटा, १५ डॉलर ३४ सेंट. झाले १५८ डॉलर ६२ सेंट, आणि घरच्या बाटल्यांची काय किंमत असेल ती. १३२१ च्या शेजारी हा आकडा लिहून यजमानांसमोर ठेवा. काही बोलू नका, नुसता कागद ठेवा.

लपवून मात्र काही नेऊ नका. माउथवॉशच्या बाटलीत दारू भरून नेण्याच्या युक्त्या तुमच्या कानावर येतील. सामान क्ष-किरणातून जातं आणि सापडलं की जप्त होतं. शिवाय आनंदाच्या प्रवासाची सुरुवात सुरक्षा कक्षात खालमानेनं उभं राहून कशाला करायची? बंदरावर उतरून घेतलेली बाटली परत चढताना बहुतेक कंपन्या ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी परत देतात. पावती जपून ठेवा. ती बाटली घरी नेण्यासाठी म्हणूनच घ्यायची.

आणि ताई, पैशापलीकडचंही एक आहे. एकदा १३२१ डॉलर भरले की माणूस वसुलीला लागतो. ग्लास हवा म्हणून घेतला जात नाही, फुकट जाऊ नये म्हणून घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की आरोग्याच्या दृष्टीनं मद्याचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. तुम्ही दोघं तीस वर्षांत एक-दोन ग्लासांवर थांबायला शिकलात. ती सवय एका आठवड्याच्या पॅकेजनं मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. यजमानांना आकडे पटले नाहीत तर हे सांगा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

भाऊजींशी वाद घालू नका. "तुम्ही पॅकेज घ्या, आम्हाला बाटली पुरते, रात्री जेवायला एकत्रच बसू" एवढंच म्हणा. बिलं वेगळी असली म्हणून टेबल वेगळं होत नाही.

राहिली मुलीची बाटली. कंपनीचा नियम आडवा येत नसेल तर ती न्याच. कॉर्केज कितीही असो, त्या बाटलीसाठी द्या, तिथं मी तुम्हाला काटकसर सांगणार नाही. पण निघायच्या आधी तिला एकदा उजेडात नीट बघा. बुच गळ्याच्या वर आलंय का, झाकणाखाली चिकट ओघळ आहे का, वाइन गळ्यापासून बरीच खाली गेली आहे का? यातलं काही असेल तर कपाटातल्या उन्हाळ्यांनी ती बिघडली असण्याची शक्यता आहे. बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच केलेल्या असतात, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसलं तरी चव उतरलेली निघू शकते. म्हणून त्या संध्याकाळी दुसरी एक बाटली हाताशी असू द्या आणि मुलीला यातलं काही सांगू नका.

बंदरापर्यंत विमानानं जाणार असाल तर १०० मिलीच्या वरचं पेय विमानात हातातल्या बॅगेत बहुतेक ठिकाणी चालत नाही. बाटली जाड कपड्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मोठ्या बॅगेच्या मध्यभागी ठेवा. बंदरावर पोचल्यावर मात्र उलट करायचं. मोठ्या बॅगा तिथं हमालांकडे जातात, त्याआधीच बाटली काढून हातातल्या पिशवीत घ्या, कारण जहाजावर ती तुमच्या हातातच तपासली जाते. केबिनमध्ये गेल्यावर तिला उभी ठेवा, टीव्हीमागे नको, कपाटाच्या तळाशी, गार जागी. प्रवासात हललेला गाळ खाली बसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून पहिल्या रात्री उघडू नका, तिसऱ्या-चौथ्या रात्री उघडा. त्या दिवशी दुपारच्या जेवणालाच वेटरला सांगून ठेवा की आज रात्री आमची बाटली आहे, हळू ओता, तळाचा घोट बाटलीतच राहू द्या. आणि चार ग्लास मागवा. त्या रात्री भाऊजी आणि जाऊबाईंनाही तुमच्याच बाटलीतली द्या.